बंद गाडीची तपासणी

गाडी उशिरा स्टार्ट होते अशी तक्रार कुणी केली की मी आधी विचारतो, सेल्फ कसा वाजतो? माणसं गोंधळतात. गाडी लागत नसताना तिचा आवाज कोण ऐकतं! तेव्हा एक डोळा घड्याळावर असतो, मनात देवाचं नाव असतं आणि तोंडात भलतंच काहीतरी. पण निदान तिथूनच सुरू होतं, कारण या एका तक्रारीच्या पोटात दोन निराळे आजार आहेत.

पहिल्यात सेल्फच रडतो. घुर्र... घुर्र... असा दम खात फिरतो, डॅशबोर्डचे दिवे मलूल होतात, हॉर्नही बसका येतो. इथे बॅटरी, टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी पूड किंवा अर्थिंगची सैल वायर बघायची. दुसऱ्यात सेल्फ ठणठणीत. खिचिखिचिखिचि करत भराभर फिरतो, पण इंजिन काही उचलत नाही. एरवी सेकंदाच्या आत लागणारी गाडी चार-पाच सेकंद खाते, मग अडखळते, थोडी थरथरते आणि लागते. एकदा लागली की दिवसभर तक्रार नाही. पिकअप तोच, ॲव्हरेज तेच, कसारा घाटात दमही तोच. गॅरेजमध्ये नेली तर तिथेही पहिल्या सेल्फला लागणार, कारण आपण ती नुकतीच चालवत नेलेली असते.

हा दुसरा आजार माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला जडला होता. नाशिकची थंडी, सकाळी साडेसहाची वेळ, सोसायटीचं बंदिस्त पार्किंग आणि त्यात हे खिचिखिचि. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. बायको शेजारी बसून म्हणायची, "अरे, एकदाची लाव ती. वरच्यांचं बाळ उठेल." बाळ उठायचंच.

पार्किंगमध्ये बोनेट उघडलं की सल्लागार मंडळ जमतं, त्याला आमंत्रण लागत नाही. दूध घेऊन येणाऱ्या काकांनी लांबूनच निकाल दिला, "बॅटरी गेली रे तुझी." वास्तविक बॅटरी नवी होती आणि सेल्फ तर असा फिरत होता की कॉलेजच्या पोरांनी हेवा करावा. दुसऱ्यांचं मत प्लगवर. तिसऱ्यांनी थेट सरकारवर नेलं, "हा सगळा त्या इथेनॉलचा प्रताप." हल्ली हे निदान फार चालतं. त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीत काही निवडक पंपांवर विकायला सुरुवात झाली आणि त्याला सोसतील असे रबराचे, प्लास्टिकचे भाग नव्या गाड्यांमध्ये येऊ लागले ते त्याच वर्षीच्या एप्रिलपासून. त्याआधीच्या गाडीतली रबरं वेगळा हिशेब धरून निवडलेली. संशयाला जागा आहे. पण गाडीत रबरं डझनावारी असतात. त्यातलं नेमकं कुठलं, हे संशयाने कळत नाही.

या दुखण्यात गाडीवाल्याला घरबसल्या, पैसा न खर्चता करता येण्यासारख्या दोन चाचण्या आहेत आणि त्या करून मगच गॅरेजची पायरी चढावी असं माझं ठाम मत आहे.

पहिली अशी. सकाळी किल्ली फिरवून फक्त दिवे लागतील इतकीच न्यायची. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक झूं असा आवाज येतो, तो टाकीतला पेट्रोलपंप. मग किल्ली परत मागे. थोडं थांबून पुन्हा पुढे, पुन्हा झूं. असं तीनदा करायचं आणि चौथ्यांदा सेल्फ मारायचा. एरवी पाच सेकंद घेणारी गाडी या वेळी झटक्यात लागली तर समजायचं, इंजिनापर्यंत पेट्रोलचं प्रेशर वेळेवर पोचत नव्हतं, ते आपण हाताने भरून दिलं. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की बहुधा हेच साधतं.

दुसरी चाचणी उलटी आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि तसाच सेल्फ मारायचा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत कंपनीने अशी सोय ठेवलेली असते की पेडल पूर्ण दाबलेलं दिसलं तर सेल्फ फिरत असताना कंप्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत घेतो. गाडी अशाने लवकर लागली तर आत पेट्रोल कमी नव्हतं, जास्त झालं होतं. एखादा इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणारी तोटी, रात्रभर ठिबकत होता आणि सिलिंडर ओला करून बसला होता. सायलेन्सरमधून पहिल्यांदा काळा धूर येतो, पेट्रोलचा वासही येतो.

गंमत अशी की ठिबकणारा इंजेक्टर दोन्ही करतो. लाइनमधलं प्रेशर घालवतो आणि सिलिंडर ओला करतो. म्हणजे एकाच वेळी एका बाजूला दुष्काळ आणि दुसऱ्या बाजूला पूर. म्हणून दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या सकाळी करायच्या. एकीच्या पाठोपाठ दुसरी केली की काही उमगत नाही.

माझी गाडी पहिल्या चाचणीला झटक्यात लागली. दुसरीने काही फरक पडला नाही.

आता हे प्रेशर बंद गाडीत हवंच कशाला, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. गाडी बंद, इंजिन बंद, मग लाइनमध्ये तीन किलोचा दाब कोंडून ठेवायचं कारण काय? उत्तर बोनेटखालच्या उष्णतेत आहे. पेट्रोल हे एक द्रव्य नव्हे, अनेकांचं मिश्रण. त्यातला हलका भाग साध्या हवेच्या दाबाखाली पस्तीस-चाळीस अंशांना उकळायला लागतो. गाडी चालत असताना पंखा फिरतो, पाणी खेळतं, ताजं पेट्रोल येत राहतं. बंद केली की हे सगळं थांबतं आणि तापलेल्या इंजिनाची धग इंजेक्टरच्या रेलवर, म्हणजे त्यांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर, चढते. म्हणून बंद केल्यानंतरची पहिली पंधरा-वीस मिनिटं रेल चालत्या गाडीपेक्षा जास्त गरम होते. तिथे दाब नसेल तर पेट्रोलची वाफ होते, आणि इंजेक्टरमधून फवाऱ्याऐवजी फुसका बार निघतो. दाब असेल तर तेच पेट्रोल त्याच तापमानाला निमूट द्रव राहतं.

यामुळे या आजाराच्या दोन वेळा ठरलेल्या असतात. एक पहाटेची आणि दुसरी भाजी घेऊन परत येण्याची. गाडी तापलेली, अर्धा तास उभी, आणि परत आल्यावर लागायला कुरकुर. ज्यांची गाडी सकाळी व्यवस्थित लागते पण मंडईबाहेर लाज काढते, त्यांनीही इंधनाचा दाब तपासून घ्यावा.

जर्मन इंजिनिअरांना हे फार आधी कळलं होतं. बॉशने १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० साठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बाजारात आणलं, आणि १९७३ मध्ये के-जेट्रॉनिक नावाची दुसरी, बरीचशी यांत्रिक पद्धत. या के-जेट्रॉनिकमध्ये टाकीजवळ पंपालगत एक डबा बसवलेला असे. आत पडदा, पडद्यामागे स्प्रिंग. गाडी चालू असताना पेट्रोल पडद्याला रेटून डब्यात भरायचं, आणि गाडी बंद झाली की स्प्रिंग ते पेट्रोल हळूहळू लाइनमध्ये ढकलत राहायची. चालत्या गाडीत पंप एकदम सुरू झाल्याचा धक्का आणि आवाज तो डबा कमी करायचा हे खरं, पण त्याची मुख्य नेमणूक बंद गाडीसाठीच. जुन्या पोर्शे, व्होल्वो, मर्सिडीज सांभाळणारे लोक अजूनही गरम गाडी लागेना की आधी त्या डब्याकडे बघतात. बंद असतानाच कामाला येणारा एक आख्खा भाग कुणीतरी विचार करून बनवला, त्याला ब्रॅकेट दिलं, नंबर दिला, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे हे दुखणं उशिरा आलं, कारण इंजेक्शनच उशिरा आलं. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० कार्बोरेटरची. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलची छोटी वाटी असते आणि गाडी सुरू व्हायला तेवढं पुरतं. आठवडाभर गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जायचं. पंप इंजिनच्या जोरावर चालणारा, म्हणजे वाटी भरायची तर आधी इंजिन फिरायला हवं. मग चोक ओढा, सेल्फ मारत राहा, ॲक्सिलरेटरला दोन पंप मारा. त्या काळी हे इतकं नेहमीचं होतं की कुणी त्याला बिघाड म्हणत नसे. गाडी लागायला वेळ घेते, म्हणजे तिचा स्वभावच तो! आता इंजेक्शनच्या गाडीने आपल्याला लाडावून ठेवलंय, एक सेकंद जास्त लागला तरी काळजात धस्स होतं.

पेट्रोल गाडीत दाब कोंडून ठेवण्याचं मुख्य काम पंपाच्या तोंडाशी बसवलेला एक चिमुकला एकमार्गी व्हॉल्व्ह करतो. ज्यांनी विहिरीवरची मोटर चालवली आहे त्यांना हे एका वाक्यात कळेल. पाइपाच्या टोकाला पाण्यात जो फूटव्हॉल्व्ह असतो, ज्याला दिंडोरी-निफाडकडे सरसकट फुटबॉल म्हणतात, तो खराब झाला की पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं, आणि दरवेळी पंपात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय मोटर पाणी उचलत नाही. मोटर चांगली, वायंडिंग चांगलं, लाइट आहे, तरी पाणी नाही. माझी किल्ली तीनदा मागेपुढे करणं म्हणजे ते बादलीभर पाणी ओतणंच होतं.

फरक इतकाच की विहिरीवर पाणी उतरल्याचं दिसतं. गाडीत दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे गाडीलाही दिसत नाही. गॅरेजमध्ये गेलो तर पहिलं काम काय, स्टिअरिंगखाली स्कॅनर लावणं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, एकही फॉल्ट नाही. "सगळं ओके आहे सर." ओके असणारच. साध्या पेट्रोल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचा दाब मोजणारा सेन्सर बसवलेलाच नसतो. कंप्युटर दाब ठराविकच आहे असं धरून चालतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचा ते ठरवतो. दाब निम्मा झाला तर तेवढ्याच वेळात पेट्रोल साधारण सत्तर टक्केच येतं, आणि लाइनमध्ये वाफ असेल तर त्याहून कितीतरी कमी. कंप्युटरला त्याचा पत्ता नसतो. तो बिचारा आपलं काम चोख केल्याच्या समाधानात असतो.

स्कॅनरने हात झटकल्यावर गॅरेजने यादी दिली. प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, टाकीत ओतायची एक बाटली. प्रत्येक गोष्ट आपल्या जागी चांगली. पण एकही गोष्ट माझ्या दोन चाचण्यांशी जुळत नव्हती. मी म्हटलं, "गेज लावून प्रेशर बघता का?" तर म्हणे, "प्रेशर कमी असतं तर गाडी पळाली नसती सर." हे वाक्य मी नंतरही वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. चालत्या गाडीतलं प्रेशर आणि बंद गाडीत टिकणारं प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगायला गेलो की समोरच्याचा चेहरा आखडतो.

मला त्यांचा राग येत नाही. त्यांचा धंदा कसा चालतो ते बघा. पार्ट बदलला की पार्टाचं बिल, बसवण्याची मजुरी. गाडी बंद करून, गेज लावून, अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं, याचं बिल कुठल्या रकान्यात लिहायचं? गिऱ्हाईकही काउंटरवर म्हणणार, "अर्धा तास नुसती उभी होती माझी गाडी, त्याचे कसले पैसे?" आणि हा बिघाड तर असा की गाडी उभी असतानाच घडतो. फिरवून, पळवून, रेस देऊन तो कधीच सापडायचा नाही. त्याच्यासाठी बंद गाडीसमोर बसावंच लागतं.

इथे डिझेलवाल्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांचं दुखणं लांबून सारखं दिसतं आणि जवळून अगदी उलटं. पेठ, हरसूल, सुरगाण्याकडे काळीपिवळी चालवणाऱ्यांना विचारा. ते प्रेशर गेलं असं म्हणत नाहीत, गाडीने एअर घेतली म्हणतात. जुन्या डिझेलमध्ये टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढणीची असते, तिथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. पाइपाला केसाएवढी चीर गेली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. खाली कोरडी फरशी आणि वर लागत नसलेली गाडी! रात्रीतून डिझेल टाकीकडे परत जातं आणि सकाळी हातपंप दाबून एअर काढत बसावं लागतं. ते लोक एक गोष्ट मात्र अचूक ओळखून असतात. गाडी चढाला नाक करून लावली की सकाळी त्रास देते, उताराला नाक करून लावली तर लगेच लागते, कारण टाकी मागे असते आणि उतारावर डिझेल आपसूक इंजिनकडे राहतं. शिवाय बॅटरीने दगा दिला तर उतारावरून ढकलस्टार्टही होतो. चीर कुठे आहे हे शोधायला लाइनमध्ये मध्येच पारदर्शक नळीचा तुकडा घालतात. बुडबुडा दिसला की त्याच्या मागे मागे जायचं.

नव्या कॉमन रेलच्या डिझेलमध्ये गणित पुन्हा बदलतं. तिथे रेलमध्ये साधारण दोनशे बारचा, म्हणजे जवळपास दोनशे किलोचा दाब झाल्याशिवाय कंप्युटर इंजेक्टर उघडतच नाही. इंजेक्टर झिजले की डिझेल पुढे सिलिंडरमध्ये जाण्याऐवजी परतीच्या नळीने टाकीकडे पळतं, दाब चढता चढत नाही, सेल्फ फिरत राहतो. पण तिथे सेन्सर असतो, स्कॅनरवर आकडा दिसतो. आणि कुठला इंजेक्टर गळतोय ते काढायला चार सारख्या बाटल्या पुरतात. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी एकेका बाटलीत सोडायची, इंजिन थोडा वेळ चालवायचं. जी बाटली बाकीच्यांच्या आधी भरते, तिचा मालक दोषी.

माझे मोठे मामा सातपूरच्या मायकोत होते. कंपनीचं नाव बदलून बॉश झालं २००८ मध्ये, पण नाशिककरांसाठी ते मायको सर्कल आणि मायकोतली नोकरी. मामा नोझलच्या खात्यात. त्यांनी एकदा घरी जुनी नोझल आणून दाखवली होती. आतली सुई आणि तिचं घर यांच्यातली फट काही मायक्रॉनची, आणि जोडी एकमेकींसाठीच घासून बनवलेली. एका नोझलची सुई दुसरीत घालायची नाही. मी सुई हातात घेऊन बघायला लागलो तर मामांनी ती काढून घेतली. "हाताचा घाम लागतो तिला. गंजते." मग रुमालाने पुसून तेलात बुडवून ठेवली. भंगारातली नोझल होती ती, पण सवय जात नाही.

तर गेज. शेवटी अंबडच्या बाजूला एक मेकॅनिक भेटला, ज्याच्या फळीवर गेजचा संच होता आणि त्यावर धूळ नव्हती. मी सगळी हकिकत सांगितली, किल्ली तीनदा फिरवण्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मग भाऊ, गाडी ठेवून जाऊ नका, बसा. तुमच्यासमोरच बघू."

आधी त्याने पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी सुरू केली. लाइनमधलं उरलंसुरलं पेट्रोल पिऊन ती आपोआप बंद पडली. हे न करता पाइप काढला तर तीन किलोच्या दाबाने पेट्रोल तोंडावर येतं, आणि खाली इंजिन तापलेलं असेल तर पुढचं बोलायला नको. आग विझवायचा लाल सिलिंडर त्याने जवळ ओढून ठेवला, गेटपाशी विडी ओढणाऱ्याला हात केला. मग रेलकडे जाणाऱ्या पाइपचा क्लिप कनेक्टर सोडवून मध्ये पितळेचा टी बसवला. टीच्या एका अंगाला गेज, आणि टाकीकडून येणाऱ्या अंगाला छोटा कॉक. फ्यूज परत जागेवर.

किल्ली फिरवली. झूं. काटा एका उडीत तीनवर. पंप थांबला, आणि काटाही थांबला, अगदी क्षणभरच. मग उतरायला लागला. उतरणं इतकं सावकाश की बघत राहिलं तर हलतोय असं वाटत नाही, नजर काढून परत टाकली की खाली आलेला. अडीच. दोन. चहा सांगितला होता तो आला तेव्हा एक. चहा संपेपर्यंत काटा शून्याच्या खुंटीला टेकला.

"आता कुठून जातंय ते बघायचं," तो म्हणाला. पुन्हा किल्ली, पुन्हा झूं, काटा तीनवर, आणि पंप थांबता थांबता त्याने कॉक बंद केला. आता गेज आणि इंजेक्टर एकीकडे, टाकी दुसरीकडे, मध्ये दार बंद. इंजेक्टर गळत असतील तर काटा तरीही उतरणार.

काटा उतरला नाही. उलट थोड्या वेळाने केसभर वर सरकला. त्याच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "दादा, गेज गंडलं वाटतं." तो हसला. "अरे इंजिन गरम आहे. कोंडलेलं पेट्रोल तापतंय, फुगणारच ना!" मला ते बघून जे बरं वाटलं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. काटा वर जाणं म्हणजे इंजेक्टर, त्यांच्या रिंगा, रेल, सगळं घट्ट असल्याची सही. वाट फक्त मागे, टाकीकडेच होती.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर एखादा वाचक उद्या गेज विकत आणून घाबरेल. निरोगी गाडीतही रात्रभरात काटा बराच उतरतो. इंजिन निवतं, पेट्रोल आकसतं, दाब आपसूक कमी होतो. पण लाइन भरलेली राहते, आणि सकाळचा दोन सेकंदांचा झूं तिला परत वर आणायला पुरतो. किती मिनिटांनी किती दाब राहिला पाहिजे याचा आकडा प्रत्येक गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, तो बघावा. चहा संपेपर्यंत शून्य हे मात्र कुठल्याच मॅन्युअलमध्ये बसत नाही.

मागची सीट उचलली. खाली गोल झाकण, झाकणावर बोटभर माती आणि उंदराने कधीतरी आणून ठेवलेली शेंगांची टरफलं. त्याने आधी हवा मारून सगळं साफ केलं, कारण झाकण उघडल्यावर ही माती टाकीत गेली तर नवा आजार. मग मोठी प्लास्टिकची नट फिरवून पंपाचं अख्खं मॉड्यूल वर काढलं. पंप, जाळी, तरंगता फ्लोट, आणि बाजूला अंगठ्याएवढा प्रेशर रेग्युलेटर. माझ्या गाडीला परतीचा पाइप नाही, जादा पेट्रोल हा रेग्युलेटर टाकीतल्या टाकीतच सोडून देतो. म्हणजे पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह चांगला असला तरी रेग्युलेटरपाशी गळती असेल तर दाब तिथूनच जाणार, आणि एक थेंबही बाहेर दिसणार नाही, कारण पेट्रोल पेट्रोलातच पडतंय.

त्याने पंपाच्या तोंडातून उलट हवा फुंकून पाहिली, व्हॉल्व्ह धरत होता. मग रेग्युलेटरची क्लिप काढली. त्याच्या गळ्याला दोन काळ्या रिंगा. एक गोल आणि मऊ. दुसरी एका बाजूने चपटी झालेली, नख दाबलं तर नखाची खूण उमटेना. प्लास्टिकच्या बांगडीइतकी कडक.

"नवं मॉड्यूल टाकायचं तर सांगा, मागवतो," तो म्हणाला. "पण रिंगेचंच काम आहे." कंपनीच्या पार्टलिस्टमध्ये ही रिंग वेगळी मिळत नाही. रेग्युलेटरही वेगळा नाही. मिळतं ते सगळं मॉड्यूल, काही हजारांचं. त्याच्याकडे रिंगांची पेटी होती, मापं वेगवेगळ्या खणांत. पाण्याच्या पंपाची साधी रिंग इथे चालत नाही, पेट्रोल आणि इथेनॉल दोन्ही सोसणारी व्हिटॉनची लागते. त्याने दोन्ही बदलल्या, चांगली दिसणारीसुद्धा.

जोडणी झाल्यावर मला वाटलं, झालं. पण त्याने टी काढला नव्हता. किल्ली, झूं, काटा तीनवर. कॉक उघडाच ठेवला आणि शेजारच्या गाडीकडे वळला. "बसा भाऊ अजून. अर्धा तास तरी बघू."

ती शेजारची गाडीही पेट्रोलचीच, तक्रारही तीच, सकाळी उशिरा लागते. दुसरा गेज तिच्यावर चढला. काटा उतरला. कॉक बंद करून पुन्हा पाहिलं, तरीही उतरला. पोरग्याने न सांगताच प्लगपाना आणला. पहिला, दुसरा, चौथा प्लग कोरडे, करडे. तिसरा काळा आणि ओला, नाकाशी धरला तर पेट्रोलचा भपकारा. "हिचे इंजेक्टर काढ," त्याने पोरग्याला सांगितलं, माझ्या गेजकडे एकदा वाकून पाहिलं, आणि बिलावर रिंगांचे साठ रुपये लिहून त्याखाली एक ओळ वाढवली : चेकिंग, ४००.